कॉलेजचे नाव आणि मेडिकलचा प्रवेश
(संस्थेच्या वार्षिक गुणगौरव समारंभातील भाषण)



दहावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येतो. डॉक्टर व्हायचे असेल तर अकरावीला कोणत्या कॉलेजात नाव घालावे? मागे एका गृहस्थांनी आपल्या मुलाला मोठ्या शहरातील नामांकित कॉलेजात ठेवले. वसतिगृह आणि क्लाससाठी कर्ज काढले. पुढच्या वर्षी त्यांच्या मुलीला दहावीला भावापेक्षा जास्त गुण मिळाले. तिचे काय ठरले, असे मी विचारले. ते म्हणाले, "सर, मुलीला एवढ्या लांब पाठवता येत नाही, आणि इथल्या कॉलेजातून मेडिकल थोडेच मिळते! म्हणून तिला कला शाखेत घातले."

त्यांचे हे वाक्य माझ्या मनातून गेलेले नाही. ते खरे आहे काय, हे आज आपण हिशेबाने तपासून पाहू या.

पूर्वी आपल्याकडे इंटर सायन्सच्या आणि पुढे बारावीच्या गुणांवर मेडिकलचा प्रवेश ठरत असे. १९९९ पासून राज्याची सीईटी आली. २०१३ मध्ये नीट झाली, त्याच वर्षी ती न्यायालयात रद्द ठरली, २०१६ मध्ये पुन्हा आली आणि २०१७ पासून महाराष्ट्रातील एमबीबीएसचे प्रवेश नीटच्या गुणवत्तेवर होऊ लागले. २०२५ च्या परीक्षेत १८० प्रश्न होते. भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५ आणि जीवशास्त्राचे ९०. बरोबर उत्तराला चार गुण, चुकले तर एक गुण वजा, एकूण गुण ७२०. त्या वर्षी देशभरातून सुमारे २२ लाख विद्यार्थी परीक्षेला बसले.

अमेरिकेत मुले आधी पदवी घेतात, मग मेडिकलला अर्ज करतात. तेथे समिती अर्ज वाचते, मुलाखत घेते, आणि काही ठिकाणी पदवीच्या कॉलेजचे नावही विचारात घेतले जाते. आपल्याकडे एमबीबीएसला मुलाखत नाही. गुणवत्ता यादी गुणांवर लागते, आणि मूळ कॉलेज किती नामांकित होते याला त्या यादीत एकही गुण नाही. बारावीला भौतिक, रसायन व जीवशास्त्र मिळून खुल्या वर्गाला ५० टक्के आणि मागासवर्गीयांना ४० टक्के गुण लागतात. ती पात्रतेची अट झाली. ते गुण कोणत्या कॉलेजातून मिळवले, हे कोणी विचारत नाही.

मग तुम्ही म्हणाल, नामांकित कॉलेजांचे निकाल एवढे चांगले कसे लागतात? याचे पहिले कारण अगदी साधे आहे. त्या कॉलेजात प्रवेशच मुळी ९० आणि ९५ टक्क्यांच्या मुलांना मिळतो. निवडक बियाणे पेरून आलेल्या पिकाचे सगळे श्रेय जमिनीला देता येत नाही. म्हणून जाहिरातीतील फोटो पाहताना विचारावे, की यंदा किती मुले बसली आणि त्यांतील किती लागली? पंचवीस फोटो दिसतात, पण मागे राहिलेल्या शेकडो मुलांचे फोटो कोणी छापत नाही.

परंतु सगळे श्रेय निवडीला देणेही अन्यायाचे होईल. लातूर पॅटर्नचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. तेथे नेमाने होणारे तास, पुन्हा पुन्हा घेतलेल्या सराव परीक्षा आणि चुकांची तपासणी यांवर भर दिला गेला. कॉलेजचा खरा उपयोग होतो तो येथे. तेव्हा कॉलेज निवडताना पाटीकडे न पाहता चार गोष्टी पाहाव्यात. विज्ञानाच्या तिन्ही विषयांना पूर्णवेळ शिक्षक आहेत काय? प्रयोगशाळा खरोखर उघडते काय? दर आठवड्याला चाचणी होऊन पेपर तपासून परत मिळतो काय? आणि घरापासून जाण्यायेण्यात मुलाचे किती तास जातात? रोज तीन तास गाडीत गेले तर दोन वर्षांत किती अभ्यास बुडाला, याचा हिशेब पालकांनीच करावा.

आपल्या उर्दू माध्यमाच्या मुलांची आणखी एक अडचण आहे. दहावीपर्यंत उर्दू आणि अकरावीला एकदम इंग्रजी. पहिले तीन महिने शब्दच कळत नाहीत, आणि मुलगा समजतो की मला विज्ञानच जमत नाही. अशा मुलाला मोठ्या वर्गात मागच्या बाकावर बसवण्यापेक्षा त्याची अडचण ओळखणाऱ्या शिक्षकाजवळ ठेवणे अधिक हिताचे. नीटची प्रश्नपत्रिका मराठीत मिळते आणि २०१८ पासून उर्दूतही मिळू लागली. भाषेची निवड मात्र अर्ज भरतानाच करावी लागते.

आता कॉलेजचे गाव कोठे महत्त्वाचे ठरते ते सांगतो. आपल्या राज्यात पूर्वी ७०:३० ची प्रादेशिक पद्धत होती. बारावी मराठवाड्यातून, विदर्भातून की उर्वरित महाराष्ट्रातून झाली, यावर जागा ठरत. ती पद्धत २०२० मध्ये रद्द झाली. पण राज्याबाहेरचा प्रश्न राहिलाच आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात आणि ८५ टक्के राज्याच्या असतात. त्या ८५ टक्क्यांसाठी अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून झालेली असावी, असा सर्वसाधारण नियम आहे. अपवाद थोडे आहेत. नावाच्या मोहाने मुलाची बारावी परराज्यातून करणाऱ्या पालकांनी प्रवेश पुस्तिका आधी वाचावी. क्लास कोठेही लावा, पण बारावीचे नाव कोठे आहे ते पाहा.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. बागवान, तांबोळी, मोमीन, पिंजारी अशा आपल्यातील अनेक जमाती राज्याच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत आहेत. त्यांना जात प्रमाणपत्र, जात पडताळणी आणि नॉन-क्रीमीलेअर असे तिन्ही कागद लागतात. पडताळणीला महिनोन्‌महिने जातात. पणजोबांच्या शाळेचा दाखला शोधण्याचे काम अकरावीतच सुरू करावे. मोठ्या कॉलेजच्या फीसाठी धावपळ करणारे वडील या एका कागदासाठी तहसीलला खेप घालत नाहीत, आणि हातातली जागा जाते.

संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनाही नम्रपणे दोन शब्द सांगतो. कॉलेजचे नाव प्रवेश देत नाही, हे माझे म्हणणे आपल्या उणिवा झाकण्यासाठी वापरू नका. शिक्षकाची जागा वर्षभर रिकामी राहिली, प्रयोग फक्त वहीत लिहिले गेले, तर पालक दूर जाणारच. नव्या इमारतीच्या आधी जीवशास्त्राचा एक चांगला शिक्षक आणि रात्री दहापर्यंत उघडी राहणारी एक अभ्यासिका द्या. मुलींसाठी तिची वेळ वेगळी ठेवा आणि येण्याजाण्याची सोय करा.

आणि पालकहो, तुम्हाला विनंती एवढीच. ज्याला शहर परवडते त्याने खुशाल जावे. पण शहर परवडत नाही म्हणून विज्ञानाचे दारच लावून घेऊ नका. मी असे म्हणत नाही की गावात राहिलेल्या प्रत्येक मुलीला मेडिकल मिळेल. पहिल्या प्रयत्नात पुष्कळांना मिळत नाही, शहरातल्यांनाही नाही. परंतु ज्या मुलीने अकरावीला जीवशास्त्रच घेतले नाही, तिचा निकाल बहुतेक वेळा परीक्षेआधीच लागलेला असतो, आणि तो आपण लावलेला असतो.

त्या गृहस्थांची मुलगी आज बी.ए.च्या वर्गात आहे. ती हुशार आहे, तेथेही नाव काढील. पण तिला निवड मिळाली नाही, याची खंत मला आहे. पुढच्या जूनमध्ये आपल्यापैकी कोणाच्या घरी अशी मुलगी असेल, तर निर्णय घेण्यापूर्वी एकदा तिलाच विचारा.

अल्लाह आपल्या मुलामुलींना इल्म आणि हिंमत देवो.