अहिल्यादेवी : एक आई, एक आजी

(मंदिर जीर्णोद्धार सोहळ्यातील भाषण)



देवळाच्या जीर्णोद्धाराचा विषय निघाला की पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव निघायचेच. काशीचे विश्वनाथाचे देऊळ, सोरटी सोमनाथ, वेरूळचा घृष्णेश्वर, गयेचे विष्णुपद, ही यादी शाळेतल्या पोरालाही पाठ असते. पण यादी म्हणताना एक गोष्ट राहून जाते. ही बाई कोणाची तरी सून होती, आई होती, आजी होती. आज त्या आईची आणि आजीची आठवण करावयाची आहे.

जामखेड तालुक्यातील चोंडी गावी, माणकोजी शिंदे पाटलांच्या घरी ३१ मे १७२५ रोजी त्यांचा जन्म झाला. त्या जिल्ह्याला २०२४ साली त्यांचेच नाव मिळाले. मल्हारराव होळकरांनी त्यांना सून करून नेले. मालेराव आणि मुक्ताबाई अशी दोन लेकरे झाली. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून पती खंडेराव पडले. अहिल्यादेवी सती जावयास निघाल्या. तेव्हा मल्हाररावांनी त्यांना अडवले. म्हाताऱ्या सासऱ्याने सुनेपुढे पदर पसरावा तशी विनवणी केली आणि सुनेने ती ऐकली. हे ऐकणे मंडळींनी ध्यानात ठेवावे, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

१७६६ साली मल्हारराव गेले आणि दौलत मालेरावांकडे आली. वर्षही झाले नाही तोच, १७६७ साली मालेरावही गेले. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे भाग आहे. न्यायासाठी अहिल्यादेवींनी पोटच्या पोराला हत्तीच्या पायी दिले, अशी कथा पारावर मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. ती खरी नाही. मालेराव आजारात गेले. सर जॉन मालकम या इंग्रज अधिकाऱ्याने माळव्यातल्या जाणत्या लोकांना विचारून १८२३ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात, मुलगा भ्रमिष्ट होऊन पडला असता आई त्याच्या अंथरुणाशी रडत बसून होती, असे लिहिले आहे. आईचा मोठेपणा सांगण्यासाठी तिला पोराची वैरीण कशाला करावयाची?

पुढे सगळा कारभार त्यांनीच पाहिला. राजधानी नर्मदेकाठी महेश्वरला नेली. दुपारपासून संध्याकाळपर्यंत उघड्या दरबारात बसून त्या लोकांची गाऱ्हाणी ऐकत. हिशेब ठेवणाऱ्या माणसाला त्यांची एक रीत फार मोलाची वाटेल. दौलतीचा खजिना वेगळा आणि खासगीचा वेगळा. खासगी म्हणजे होळकरांच्या घरातील बायकांच्या हक्काची जहागीर. ती १७३४ साली सासूबाई गौतमाबाईंच्या नावे सुरू झाली होती. देवळे, घाट, विहिरी, धर्मशाळा हा खर्च त्या या खासगीतून करीत. त्या पैशावर त्यांनी तुळशीपत्र ठेवले, असे सांगतात. आज पावतीपुस्तकावर अकरा रुपयांपासून नावे लिहिणाऱ्या देणगीदारांना यातले मर्म निराळे सांगावयास नको.

मालकमने लिहिलेल्या आणखी दोन बारीकशा गोष्टी शेतकऱ्याच्या घरात मुद्दाम सांगाव्यात अशा आहेत. उन्हाच्या दिवसांत औत थांबवून अहिल्यादेवींचा माणूस बैलांना पाणी पाजून जाई. आणि पाखरांना राखणदार पिकावरून हाकलतात म्हणून त्यांनी काही शेते विकत घेऊन पाखरांसाठी सोडली होती. नातवंडांना ताटात वाढून झाल्यावर अंगणातल्या चिमण्यांना दाणे टाकणाऱ्या आज्या प्रत्येक गावात असतात. ही त्यातलीच एक, फक्त हिचे अंगण माळव्याएवढे होते.

नातू एकच, नथ्याबा. मुक्ताबाईंचा विवाह यशवंतराव फणसे यांच्याशी झाला होता. चोर-लुटारूंचा बंदोबस्त करील त्याला लेक देईन, असा पण अहिल्यादेवींनी लावल्याची कथा प्रसिद्धच आहे. मालेरावांच्या मागे आजीचा सगळा जीव या नातवात होता. तो नथ्याबा ऐन तारुण्यात, १७९० च्या सुमारास, गेला. वर्षभराने, १७९१ साली, जावई यशवंतराव गेले आणि मुक्ताबाई सती जाण्यास निघाल्या.

आता वेळ आईवर आली होती. सदतीस वर्षांपूर्वी सासऱ्याने जे केले तेच त्यांनी केले. लेकीला विनवले, देवाच्या आणा घातल्या, मला एकटी टाकून जाऊ नकोस म्हटले. लेक शांत होती, पण ऐकेना. आई थकली आहे, आज ना उद्या जाणार, मग मूल ना नवरा अशा घरी मागे राहून करावयाचे काय, असे तिचे म्हणणे. ज्या बाईचा शब्द सबंध मुलखात मोडला जात नव्हता, तिचा शब्द घरात चालला नाही.

त्या चितेपर्यंत गेल्या. दोघा ब्राह्मणांनी त्यांचे दंड धरून ठेवले होते. ज्वाळा उठेपर्यंत त्या उभ्या राहिल्या, मग धीर सुटला. हात सोडवता येईनात म्हणून स्वतःच्याच हाताला त्यांनी चावे घेतले, असे मालकम लिहितो. सगळे आटोपल्यावर नर्मदेत स्नान केले आणि वाड्यात गेल्या. तीन दिवस अन्नाला जवळजवळ शिवल्या नाहीत, एक शब्द बोलल्या नाहीत.

त्यानंतर त्यांनी पुन्हा बांधकामच काढले. या वेळचे दगड देवासाठी नव्हते. गेलेल्या माणसांचे स्मारक उभारावयाचे होते. ते फार देखणे झाले, असे मालकम म्हणतो.

एका ब्राह्मणाने एकदा त्यांच्या स्तुतीचा ग्रंथ रचून आणला होता. त्यांनी तो नीट ऐकून घेतला आणि नर्मदेत टाकावयास सांगितला. त्यामुळे आजचे भाषणही बेतानेच केलेले बरे.

लेक गेल्यावर चार वर्षे त्या दरबारात बसत राहिल्या. १३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरला त्यांनी देह ठेवला. वय सत्तर. उशाशी बसावयास ना मुलगा होता, ना मुलगी, ना नातू.