२५ टक्के जागा आणि शेजारची शाळा

(संस्थेच्या वार्षिक सभेत केलेले भाषण)



२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खाजगी विनाअनुदानित शाळांवर एक जबाबदारी टाकली. प्रवेशाच्या २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांस द्यावयाच्या, आणि त्यांची फी सरकारने भरावयाची. पनवेलमध्ये पालक या सोडतीची किती आतुरतेने वाट पाहतात, हे आपण जाणताच. मी त्यांना दोष देत नाही. रिक्षा चालविणाऱ्या बापालाही मुलासाठी शाळा निवडता यावी, यात वावगे काय? मात्र हा हक्क आठवीपर्यंतच आहे. नववीत फीची पावती बापाच्या हाती येते, याचा विचार पहिलीच्या वेळी फारसे कोणी करीत नाही.

आता दुसरी बाजू. मूल गेले म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळेचे छप्पर किंवा दिवाबत्ती स्वस्त होत नाही. पट तेवढा उतरतो. याच कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ पासून ३. म्हणजे पट ६३ असेल आणि तीन मुले बाहेर गेली, तर तिसऱ्या शिक्षकाचा आधार गेला. दोघांनी पाच वर्ग सांभाळावयाचे. मागे राहतात ती आदिवासी वाडीवरची, वीटभट्टीवरच्या मजुरांची मुले, आणि "मुलीला जवळचीच शाळा बरी" म्हणून ठेवलेल्या मुली. अर्थात पट केवळ सोडतीमुळे उतरतो असे नव्हे. पदरची फी भरून मुले काढून नेणारे आपल्यासारखे पगारदारही त्यात आहेत.

मग सोडतीला आळा घालावा काय? फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने ते करून पाहिले. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खाजगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट, असा नियम केला. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी तो रद्द केला, हे योग्यच झाले. सरकारी शाळा सुधारावयाची तर ती गरिबालाच तेथे बांधून ठेवून सुधारणार नाही. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे रयतेच्या करातून वरच्या वर्गांच्या शिक्षणावर होणाऱ्या खर्चाबद्दल तक्रार मांडली आणि प्राथमिक शिक्षणावर अधिक खर्च मागितला. ती मागणी आजही शिळी झालेली नाही.

आपल्यासारख्या अल्पसंख्याक संस्थांना सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०१४ च्या निकालाने या कायद्यातून वगळले. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्या निकालाविषयी शंका व्यक्त करून प्रश्न मोठ्या पीठापुढे नेण्यास सुचविले. न्यायालय ठरवील ते ठरवील. पण सूट आहे म्हणून गरिबाच्या मुलाला आपल्या दारावरून परत पाठविणे मला पटत नाही, आणि घटनेच्या तिसाव्या कलमाचा तो हेतूही नसावा.

म्हणून माझी विनंती अशी, की पहिलीच्या काही जागा विनाशुल्क ठेवण्याचा ठराव याच सभेत व्हावा. त्या भरताना शेजारच्या जिल्हा परिषद उर्दू शाळेच्या पटाला आपण हात लावू नये. ज्यांचे नाव कोणत्याच हजेरीपटावर नाही, त्या मुलांपासून सुरुवात करावी. त्यांची यादी करण्यासाठी दिवाळीच्या सुट्टीत घरोघर फिरण्याची आम्हा शिक्षकांची तयारी आहे.