वाफाऱ्याचे भांडे

पडसे झाले की पातेल्यात पाणी उकळावे, त्यात ओवा नाहीतर निलगिरीच्या तेलाचे दोन थेंब टाकावेत आणि डोक्यावरून पांघरूण घेऊन वाफारा घ्यावा, हा उपचार घरोघर ठाऊक आहे. तो करताना पातेले कलंडून मूल भाजल्याच्या हकीकतीही कानी येतात. दोष उपचारापेक्षा मांडणीत अधिक आहे.

ही मांडणी सुधारली ती प्लिमथ येथील वैद्य जॉन मड्ज यांनी, १७७८ साली. घराणे हुन्नरी. भाऊ टॉमस नामांकित घड्याळजी. स्वतः जॉन यांना दुर्बिणीच्या आरशांवरील निबंधाबद्दल १७७७ साली रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदक मिळालेले. खोकल्यावरील पुस्तकात त्यांनी दाखविलेले यंत्र म्हणजे मद्यपानाचा एक झाकणाचा पेला! त्याची मूठ पोकळ; तिला वर भोके, आणि खाली ती पेल्याच्या तळाशी आत उघडणारी. झाकणातून एक लवचीक नळी निघून तोंडाशी येई. पेला पाऊणभर उकळत्या पाण्याने भरून रुग्णाने अंथरुणात पडावे व नळीतून श्वास ओढावा. ओढ लागताच बाहेरची हवा मुठीतून खाली उतरते, पाण्यातून बुडबुडत वर येते आणि ऊब व ओल घेऊन छातीत जाते. पेल्याखाली विस्तव नाही. (रात्री पोटात अफूमिश्रित अर्क देण्याचीही मड्ज यांची रीत होती. तेव्हा गुण वाफेचा की अफूचा, हा प्रश्न उरतोच.)

उकळत्या पातेल्यावर वाकणाऱ्याच्या तोंडावर थेट वाफ येते, आणि एक ग्रॅम वाफेचे पाणी होताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता सुटते. म्हणून तिचा चटका जबर. मड्ज यांच्या पेल्यात उष्णता वाहून नेण्याचे काम हवेकडे आहे. 

घरी असे यंत्र करू पाहणाऱ्यास रुंद बुडाचे, अरुंद तोंडाचे धातूचे भांडे, दोन भोकांचे रबरी बूच आणि दोन नळ्या एवढे साहित्य पुरते. एक नळी तळापर्यंत जावी, दुसरी पाण्याच्या वरच थांबावी. शाळेच्या प्रयोगशाळेतील धुण्याची बाटली अशीच असते. आणि धोका नेमका येथेच आहे. त्या बाटलीत आखूड नळीतून फुंकले की लांब नळीतून पाण्याची धार उडते. ते पाणी तापलेले असेल तर? खोकल्याची उबळ काही सांगून येत नाही. मड्ज यांनी झाकणात एक झडप बसविली होती. श्वास सोडला की ती उचलली जाऊन हवा वरच्या वर निघून जाई. सारे चातुर्य त्या झडपेत आहे. ती ज्याला साधत नाही, त्याने या खटाटोपात पडू नये.

मुळात वाफाऱ्याने पडसे हटते काय? चंडीगढच्या डॉ. मीनू सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी यासंबंधीचे प्रयोग एकत्र तपासले. २०१७ च्या त्यांच्या आढाव्यात निश्चित लाभ आढळला नाही. ऊब घशाला बरी वाटते, इतकेच म्हणता येते. उलट २०२० साली, साथीच्या दिवसांत, बर्मिंगहॅमच्या बाल रुग्णालयातील डॉक्टरांना वाफाऱ्याने भाजलेली मुले नेहमीपेक्षा पुष्कळच अधिक दिसली. मुलांना वाफारा देऊच नये. निलगिरीचे तेल पोटात गेले तर विषारी ठरते. ती शिशी मुलांचा हात पोहोचणार नाही अशा फळीवर असावी.