जॉग, स्प्रिंट आणि कँटर

धावण्याला इंग्रजीत 'रन' म्हणतात, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पण वेग बदलला की शब्दही बदलतो.

दम न लागता, सावकाश पळणे म्हणजे 'जॉग'. थोडे अंतर जीव तोडून पळणे म्हणजे 'स्प्रिंट'. २००९ साली बर्लिनमध्ये उसेन बोल्टने १०० मीटर अंतर ९.५८ सेकंदांत कापले, ती स्प्रिंटच.

घोड्यांच्या चालींचे शब्द तर फारच सुंदर. दुडकी चाल 'ट्रॉट', भरधाव दौड 'गॅलप' आणि या दोहोंमधली 'कँटर'. या शब्दामागे इंग्लंडमधले कँटरबरी हे तीर्थक्षेत्र आहे. संत थॉमस बेकेट यांच्या समाधीला निघालेल्या यात्रेकरूंच्या घोड्यांची बेताची चाल 'कँटरबरी गॅलप' म्हणून ओळखली गेली. बोलता बोलता त्याचे 'कँटर' झाले.

'फार्टलेक' मात्र स्वीडिश. अर्थ, वेगाशी खेळ! त्यात धावपटू कधी जोरात, कधी हळू पळत सराव करतात.