मनात रुतलेली मेख



ज्या नगरीत 14 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लक्षावधी अनुयायांसह बुद्धधम्माचा स्वीकार केला, त्या नागपूर नगरीत मनाच्या व्यवहाराविषयी बोलावयाचे म्हटल्यावर पाली वाङ्मयाकडे वळण्यास निराळे प्रयोजन सांगावे लागेल असे मला वाटत नाही. मज्झिमनिकाय या पाली बुद्धवचनसंग्रहातील विसावे सुत्त, ज्याचे नाव ‘वितक्कसण्ठान’, ते आज आपणांपुढे ठेवावे अशी माझी इच्छा आहे. कारण खिन्न करणारा, जाळणारा, नकोसा विचार मनात ठाण मांडून बसला असता त्याचे काय करावे, या प्रश्नाचे इतके व्यवहारी उत्तर माझ्या वाचनात दुसरे आलेले नाही, आणि लेखन, चित्र, संगीत अशा निर्मितीच्या उद्योगात असलेल्या माणसांना तर ते विशेष उपयोगी पडेल अशी माझी खात्री आहे.

या सुत्तात पाच उपाय सांगितले आहेत, आणि माझ्या मते सारे मर्म त्यांच्या क्रमात आहे. कुशल सुतार लाकडात बसलेली जाड मेख बारीक मेख ठोकून बाहेर काढतो, त्याप्रमाणे मनाला दुसरा, हितकर असा विषय द्यावा, हा पहिला उपाय. तेवढ्याने न भागले तर त्या विचाराचे दुष्परिणाम न्याहाळावे. तरीही तो हटला नाही तर, नको असलेले दृश्य समोर आले असता माणूस नजर वळवितो तसे त्याच्याकडे दुर्लक्ष करावे. चौथा उपाय मला सर्वांत हृद्य वाटतो. झपाझप चालणाऱ्या मनुष्याने ‘मी एवढ्या घाईने का चाललो आहे?’ असे स्वतःला विचारून पाऊल सावकाश टाकावे, मग उभे राहावे, मग बसावे, मग आडवे व्हावे, त्या रीतीने विचाराचा वेग पायरीपायरीने उतरवावा. आणि हे चारही उपाय थकले तरच दातांवर दात आवळून, जीभ टाळूला लावून, मनानेच मनाला दडपण्याचा पाचवा उपाय योजावा.

आपण मात्र प्रारंभच पाचव्यापासून करतो. ‘असले विचार मनात आणूच नकोस’ हा हुकूम घरातील वडीलधारी मंडळी मायेने सोडतात, आणि ऐकणाऱ्याच्या पदरी मूळ दुःखाबरोबर हुकूम न पाळता आल्याची शरमही पडते. 1987 साली डॅनियल वेग्नर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग या ठिकाणी आठवतो. काही विद्यार्थ्यांना पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर घंटा वाजवा, असे सांगण्यात आले. घंटा वाजत राहिल्या, इतकेच नव्हे, तर पुढे विचार करण्याची मोकळीक मिळाली तेव्हा, ज्यांना प्रथमपासून मोकळीक होती त्यांच्यापेक्षा या विद्यार्थ्यांच्या मनात ते अस्वल अधिक वेळा आले. दडपशाहीला अखेरचे स्थान देणाऱ्या त्या प्राचीन क्रमाची ही अर्वाचीन साक्ष आहे.

हे पाली वाङ्मय मराठीत आणण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले त्या धर्मानंद कोसंबींचे चरित्रच या विषयाचे उदाहरण आहे. 1876 साली गोव्यातील सांखवाळ येथे जन्मलेला, शाळेत फारसे शिकावयास न मिळालेला, माडांच्या बागायतीत गुंतून पडलेला हा तरुण उद्वेगाने ग्रासलेला होता, आणि ती अवस्था त्यांनी ‘निवेदन’ या आत्मचरित्रात कसलाही आडपडदा न ठेवता सांगितली आहे. ‘बालबोध’ मासिकातील बुद्धचरित्राने त्यांच्या मनाला विषय दिला. 1899 च्या अखेरीस घर सोडून पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ करीत ते सिंहलद्वीपास पोहोचले, पाली शिकले, आणि पुढे हार्वर्ड विद्यापीठात ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनास बसले. त्यांचा ‘भगवान बुद्ध’ हा ग्रंथ नागपूर-पुण्याच्या सुविचार प्रकाशन मंडळाने 1940-41 मध्ये प्रसिद्ध केला, आणि जून 1947 मध्ये येथून जवळच, सेवाग्रामच्या आश्रमात, त्यांनी देह ठेवला. त्यांचा उद्वेग कोणाच्या उपदेशाने निवाला नाही; एक भाषा मुळापासून शिकण्याच्या खडतर कामाने त्याची जागा घेतली.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. ‘प्रसन्न राहा’ ही मेख नव्हे, ती हवेत ठोकल्यासारखी आहे. मेख ठरावीक जाडीची, हातात धरता येईल अशी हवी. समजा, एका मासिकाने आपली कथा परत पाठविली आहे. दिवा मालवल्यावर मन जी कैफियत मांडू लागते, तिच्यातील पहिले वाक्य ‘कथा परत आली’ हे असते आणि ते खरे असते. दुसरे ‘कथा वाईट होती’, तिसरे ‘मला लिहिताच येत नाही’, आणि पहाटेपर्यंत ‘आयुष्य फुकट गेले’ असा निवाडा होऊन बसतो, ज्याला पुरावा काय तो एक लिफाफा. फिलाडेल्फियाचे मनोचिकित्सक आरोन बेक यांनी 1960 नंतरच्या दशकात विषण्ण रुग्णांच्या मनात असे विचार न बोलावता झरझर येऊन जातात हे ओळखले, आणि ते तपासून पाहण्याची रीत उपचारात रूढ केली. आपणही सकाळी एक ताव घ्यावा, मधोमध रेघ ओढावी, डावीकडे घडले तेवढेच लिहावे, उजवीकडे मनाने घातलेली भर. डावी बाजू बहुधा एका ओळीत संपते. मग त्याच तावाखाली, परत आलेल्या कथेतील एकच परिच्छेद नव्याने लिहावयास घ्यावा. ही ती बारीक मेख.

यावर कलावंतांचा एक आक्षेप मी गंभीरपणे ऐकतो: दुःखच काढून घेतले तर आम्ही निर्माण काय करावे? याच शहरात कवी ग्रेस यांनी अध्यापन केले, आणि 1967 साली आलेल्या ‘संध्याकाळच्या कविता’पासून दुःख हा त्यांच्या कवितेचा स्थायी प्रदेश राहिला, तेव्हा नागपुरात हा आक्षेप उठावा हे साहजिक आहे. परंतु दुःख आणि दुःखाचे चर्वितचर्वण यांत फार अंतर आहे. दुःख शब्दाला, लयीला, प्रतिमेला सामोरे जाते तेव्हा ते प्रत्येक ओळीत नवे काही शोधीत असते; चर्वितचर्वण मात्र तेच वाक्य शंभर वेळा उच्चारते आणि कागदाजवळ फिरकू देत नाही. सुत्तातील उपाय चर्वितचर्वणासाठी आहेत, आणि शब्दाला सामोऱ्या जाणाऱ्या दुःखाची वाट त्यांनीच मोकळी होते, असे माझे प्रामाणिक मत आहे.

मात्र या उपायांना मर्यादा आहे. आठवडेच्या आठवडे झोप उडालेली, अन्नावरची वासना गेलेली, कशातच गोडी न उरलेली, जगणे नकोसे झालेले असे कोणी आपल्या घरात असेल, तर त्याच्या हाती कोरा ताव किंवा सुत्त देऊन स्वस्थ बसू नये. ज्वराला जसा वैद्य लागतो तसा या विकारालाही लागतो, आणि त्यात कुळाला बट्टा लागण्यासारखे तिळमात्र नाही. या शहरात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. शिवाय 2022 पासून केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य सेवा 14416 या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे. हा क्रमांक आपण आत्ताच लिहून घ्यावा, अशी माझी विनंती आहे. तो आपल्याला लागला नाही, तरी शेजाऱ्याला लागू शकेल.