रुमाल दिसला, बोटे दिसली नाहीत

(माळेगावच्या यात्रेत शेतकरी व कारागीर मंडळींपुढे केलेले भाषण)



खंडोबाच्या यात्रेस आपण जनावरे घेऊन आला आहात. बैलाचा सौदा कसा होतो हे मी तुम्हांस सांगावयास नको. दलाल रुमाल टाकतो, रुमालाखाली बोटे दाबली जातात, भोवती दहा माणसे पाहात उभी असतात. पुढे दोघांत तंटा झाला आणि त्या दहांपैकी एकास विचारले, की बाबा, सौदा कितीला ठरला? तर खरा माणूस काय सांगेल? “रुमाल टाकलेला पाहिला. हात आत गेलेले पाहिले. मान हलविलेली पाहिली. बोटे मला दिसली नाहीत.” इतकेच. पण आपल्यांतला शहाणा म्हणविणारा इसम काय करतो? बैल सोयऱ्याचा असला म्हणजे तो आकडा सांगून मोकळा होतो! आपल्या लोकांचे खटले कोर्टात बुडतात ते पुष्कळदा या आकड्यापायी.

दुसऱ्यास नावे ठेवण्यापूर्वी माझ्याच घरची गोष्ट सांगतो. माझे वडील सुतार. आमचे गाव मन्याडकाठी. १९७२ च्या दुष्काळाच्या आदल्या साली एका सालगड्यास त्याच्या मालकाने कुऱ्हाडीच्या दांड्याने मारले, हात मोडला. वडील शेजारच्या वावरात बाभळीचे लाकूड तोडीत होते. मारताना त्यांनी पाहिले नाही. ओरडा ऐकून धावले, तेव्हा गडी खाली पडलेला आणि मालक दांडा घेऊन उभा. पोलिसांनी दांडा जप्त केला. मालक म्हणे, हा दांडा माझ्या घरचा नव्हेच. पण तो वडिलांनीच घडवून त्याच्या घरी दिलेला होता! वाकसाची आपली चाल सुतार शंभर दांड्यांत ओळखील. ही साक्ष काय थोडी होती?

परंतु चार हितचिंतक घरी आले. आपल्याच बाजूचे, बरे का, मालकाचे नव्हेत. म्हणाले, “काका, नुसता पडलेला पाहिला म्हणून भागायचे नाही. मारताना पाहिला असे सांगा. गरिबाचे काम आहे.” वडिलांनी नांदेडच्या कोर्टात तसे सांगितले. तीन घाव घालताना पाहिले म्हणाले. समोरच्या वकिलाने आवाजसुद्धा चढविला नाही. पहिला घाव कोठे बसला? मालकाचे तोंड उगवतीला की मावळतीला? तुम्ही झाडावर होता की खाली? आणि मध्ये तूर उभी होती की नाही? तूर माणसाच्या डोक्याइतकी उभी होती. ती साऱ्या गावाने पाहिली होती, आता कोर्टानेही पाहिली. त्यानंतर दांड्याविषयी वडील जे बोलले ते कोणी मनावर घेतले नाही. मालक सुटला. तो सालगडी पुढे आमच्या दारावरून जाई, पण मान वर करीत नसे. त्याने शिवी दिली असती तर वडिलांस बरे वाटले असते.

कायद्याचे म्हणाल तर तो इतका निष्ठुर नाही. साक्षीदाराचे एक बोलणे खोटे ठरले म्हणून सारीच साक्ष फेकून द्यावी असा नियम आपल्या देशात नाही. खळ्यावर उपणावे तसे दाणे आणि भूस वेगळे करावे, असे सर्वोच्च न्यायालयाने पूर्वीच सांगितलेले आहे. पण उपणणारा वारा नेहमी असतो काय? भूस जास्त झाले म्हणजे दाणेही त्याच्याबरोबर जातात. साक्षीदार पुष्कळ पाहिजेत हीही एक खुळी समजूत आहे. अमुक गोष्ट शाबित करण्यास इतकेच साक्षीदार हवेत असे कायद्यात नाही. साक्ष मोजावयाची नसून तोलावयाची असते, हे १९५७ सालीच न्यायालयाने ठरविले. तेव्हा एकटी म्हातारी खरे बोलली तर ती पुरे. पढविलेले सात जण नकोत. आणि “तू जखमी माणसाचा भाऊ, तुझे कोण ऐकतो?” असे कोणी दरडावले तर घाबरू नका. नातेवाईक म्हणून साक्ष खोटी ठरत नाही. उलट जवळचा माणूस खऱ्या गुन्हेगारास सोडून दुसऱ्यास सहसा गुंतवीत नाही, असे १९५३ च्या निकालात आहे.

आता आपल्या मुलखाचे एक जुने दुखणे. नांदेड, लातूर हा सारा भाग १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि कचेरीचा कारभार उर्दूत चाले. शेतकरी बोले मराठीत, कारकून लिही उर्दूत, आणि खाली अंगठा शेतकऱ्याचा! आजही आपण साक्षीदारास गवाह आणि तारखेस पेशी म्हणतो, ते तेव्हापासूनचे. इंग्रजी अमलातले शेतकरी तरी कोठे सुखी होते? कज्जेखटल्यांत त्यांस कसे नागवितात हे जोतीरावांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून दाखविले. ते दिवस गेले, पण लिहिलेले न वाचता अंगठा देण्याची खोड गेली नाही. म्हणून सांगतो. फौजदारी कामात पोलिसांनी तपासात घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यावयाची नसते. कोणी मागितली तर नम्रपणे नाही म्हणा. कोर्टातली साक्ष मात्र तुम्हांस वाचून दाखविली पाहिजे. चुकले असेल तर तेथेच बोला, न्यायाधीश तुमची हरकत टिपून घेतात. चार वर्षांनी पेशी निघाली आणि एखादी गोष्ट आठवत नसेल तर “आठवत नाही” म्हणण्यास लाज कसली? अंधारात कंदिलाच्या उजेडात तोंड नीट दिसले नसेल तर तसेच सांगावे.

हे झाले जास्त बोलणाऱ्यांचे. मुळीच न बोलणाऱ्यांचे काय? २८ एप्रिल २०१४ रोजी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात खर्डा येथे सतरा वर्षांच्या एका दलित मुलास शाळेतून ओढून नेऊन ठार मारले. दिवसाढवळ्या! नोव्हेंबर २०१७ मध्ये सारे आरोपी सुटले, कारण साक्षीदारांपैकी पुष्कळ जण फिरले, आणि त्यांत त्या शाळेतली माणसेही होती. त्यांस शिव्या देणे सोपे आहे. पण ज्याचे घर त्याच गल्लीत, ज्याची उधारी त्याच दुकानात, त्याने कोणाच्या जोरावर बोलावे? माझ्या वडिलांस बलुते दोन्ही घरचे येई. खटल्यानंतर त्या मालकाकडची ज्वारी बंद झाली, ती कायमची. त्या वर्षी आम्ही काय खाल्ले हे हितचिंतकांनी विचारले नाही.

यावर उपाय निघाले आहेत, पण ते गावापर्यंत कोणी पोचवीत नाही. महाराष्ट्राने २०१७ साली साक्षीदारांच्या संरक्षणाचा कायदा केला. ५ डिसेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने साऱ्या देशासाठी एक योजना लागू केली. तिच्यात जिल्हा न्यायाधीश अध्यक्ष आणि जिल्ह्याचे पोलीस प्रमुख सभासद अशी समिती असते. मोठ्या गुन्ह्यांत धमकी आलेला साक्षीदार तिच्याकडे अर्ज करू शकतो. १ जुलै २०२४ पासून चालू झालेल्या नव्या फौजदारी संहितेत राज्याने अशी योजना करावीच असे कलम आहे. मोठ्या शिक्षेच्या गुन्ह्यांत साक्षीदाराचा जबाब लवकरच न्यायदंडाधिकाऱ्यापुढे नोंदवून घेण्याची सोयही त्यात आहे. तो एकदा नोंदला म्हणजे पुढे धमकावणाऱ्याचे काम अवघड होते. पण कागदावरच्या संरक्षणाने कापणीच्या दिवसातली बुडालेली मजुरी भरून येत नाही. सरकारतर्फे आलेल्या साक्षीदारास कोर्ट भत्ता देऊ शकते. तो मागून घ्यावा, ती भीक नव्हे. आणि गावातला कोणी पेशीला जात असेल तर त्या दिवशी त्याच्या बैलांस पाणी कोण पाजतो, हे भावकीने आदल्या रात्रीच ठरवावे. सोबत दोन माणसे द्यावीत, मात्र त्यांनी वाटेत त्यास काही शिकवू नये.

माझे बोलणे संपले. तुमच्यापैकी कोणास पेशीचा कागद आलेला असेल तर तो घेऊन या लिंबाखाली बसा. मी वाचून दाखवितो.