एक जूनवाल्यांचं रजिस्टर
(वस्तीतल्या युवक मेळाव्यात केलेलं भाषण)



शाळेच्या आठवणी म्हटलं की पांढरपेशांच्या पुस्तकात चिंचेचं झाड येतं, प्रेमळ गुरुजी येतात. आमच्या घरात शाळेची आठवण म्हणजे एक रजिस्टर. आमची पहिली लेखी नोंद कुणी केली असेल, तर ती वस्तीतल्या पालिकेच्या शाळेनं.

ती नोंद तरी कशी? आज्याचा जन्म १ जून. बापाचा १ जून. थोरल्या चुलत्याचाही १ जून! तुमच्या घरातही असा एखादा निघेल. शाळा जूनमध्ये भरायची, आईबापाला तारीख ठाऊक नसायची. मास्तर पोराकडं बघून वय ठरवायचा नि १ जून ठोकून द्यायचा. वरच्या जातीत पोराची पत्रिका असते, घटका-पळांसकट. आमचा जन्म मास्तरच्या सोयीनं झाला.

आजा १९४६ ला शाळेत गेला. मागं, भिंतीकडेला बसायचा. तहान लागली की शिपाई वरून ओंजळीत पाणी ओतायचा. आणि मुंबईच्या कायदेमंडळात बोल्यांचा ठराव कधी पास झाला होता? ४ ऑगस्ट १९२३ ला! सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. २३ वर्षं ठराव कागदावर नि पाणी वरूनच. आजा चौथीत सुटला नि हातगाडीमागं लागला.

त्याच्या ओळीत जातीचा रकाना : हिंदू महार. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात धम्म दिला. बाप १९७४ ला त्याच शाळेत दाखल झाला, त्याच्या ओळीत : नवबौद्ध. आमच्या घराचा इतिहास एवढ्या दोन रकान्यांत आहे.

आजीचं नाव रजिस्टरात नाहीच. ती धाकटी भावंडं सांभाळत राहिली. पुढं त्याच शाळेतल्या रात्रीच्या प्रौढ वर्गात सही शिकली. म्हणायची, "माझं नाव न्हाई त्या बुकात, पर अंगठा बी न्हाई कुठं माझा."

आता मुद्द्याचं. शाळेला कुलूप लागायची वेळ आलीय. पट नाही म्हणतात. पट कसा राहील? छत गळतं, मास्तर निवडणुकीच्या कामाला, नि आपणही पोटाला चिमटा काढून पोरं इंग्रजीत घातली. शाळा पडली तर रजिस्टर कुठं जाणार?

हसू नका. जातीच्या पडताळणीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या रहिवासाचा पुरावा मागतात. आपल्याला गावात जमीन नव्हती, मग सातबारा कुठला? खोली भाड्याची. आज्याचा दाखला हाच आमचा सातबारा.

बहिणीच्या पडताळणीसाठी मी त्या दाखल्याची नक्कल मागायला गेलो. "सापडत नाही, उद्या या." तीन खेपा, गोदीतले तीन खाडे. चौथ्या खेपेला जिन्याखाली सापडलं, वाळवी लागलेलं. आज्याची ओळ शाबूत. खालच्या सहा ओळी गेलेल्या. ती सहा पोरं कुणाची? त्यांच्या नातवंडांनी कुठल्या दारात जायचं?

१८८२ ला हंटर कमिशनपुढं जोतिबांनी सांगितलं होतं की पैसा रयतेचा नि शिक्षणाचा लाभ वरच्यांना. आज रयतेच्या शाळेची जागासुद्धा वरच्यांच्या डोळ्यांवर आलीय.

म्हणून नुसत्या घोषणा नकोत. सोमवारी प्रत्येकानं शाळेत जावं, आज्याच्या-बापाच्या नोंदीची सही-शिक्क्याची नक्कल लेखी अर्ज करून मागावी. पोच घ्यावी. टाळाटाळ केली तर २००५ चा माहिती अधिकार आहे, रजिस्टर स्वतः डोळ्यांनी बघायला मागा. ज्याला लिहिता येत नाही त्याचा अर्ज आपण लिहायचा. सगळी रजिस्टरं पानापानानं नकलून सुरक्षित ठेवल्याशिवाय नि पोरांची शेजारीच सोय केल्याशिवाय त्या इमारतीची एक वीट हलू द्यायची नाही.

अर्जाचे कोरे कागद मी आणलेत. जाताना घेऊन जा.

जय भीम!